खारीचे वाटेकरी

मालकांनी ती खार काढली तेव्हा ते पंचविशीचे होते. लहान मुलांचे बूट विकायचे तर खोक्यावर मुलांना आवडेल असं काहीतरी हवं, म्हणून त्यांनी पेन्सिलीनं एक शेपूट फुलवलेली खार काढली. तिच्या पुढच्या दोन पायांत बूट घातले, मागचे दोन अनवाणीच ठेवले. "दोनच का?" असं कोणी विचारलं की ते म्हणायचे, "दुसरा जोड आणायला आई गेलीय दुकानात." हा विनोद त्यांनी चाळीस वर्षं सांगितला आणि लोकही चाळीस वर्षं न कंटाळता हसले. कारण बूट खरोखरच चांगला होता. पोराचा पाय वाढायचा, पण खार छाप बूट फाटायचा नाही. मोठ्याचा धाकट्याला यायचा.

पुढे कारखाना बंद पडला. त्यात एकट्या कोणाचा दोष नव्हता. बाजारात निम्म्या किमतीचे बूट आले आणि आईबापांनी विचार केला, पाय जर सहा महिन्यांत वाढणारच आहे तर दोन वर्षं टिकणारा बूट घ्यायचा कशाला? पण कुलूप लागलं तेव्हा खुर्चीवर मालकांचा दुसरा मुलगा होता. त्याला सगळे धाकटा म्हणायचे. कारखाना बुडाला तो त्याच्या खात्यावर जमा झाला. मालक त्याला तोंडावर कधी काही बोलले नाहीत. फक्त पाहुणा आला की म्हणायचे, "माझ्या वेळी दोनशे माणसं होती कामाला." धाकटा तिथेच बसलेला असायचा.

उरली ती खार. ती दप्तरवाल्यांना हवी होती, छत्रीवाल्यांना हवी होती, पाण्याच्या बाटल्या करणाऱ्यांना हवी होती. ते आपापल्या मालावर तिचं चित्र छापायचे आणि विक्रीतला ठरलेला हिस्सा पाठवायचे. यंत्रं भंगारात गेली, कारखान्याचा खालचा मजला गोदामाला भाड्यानं दिला, आणि वरच्या खोलीत एक टेबल, एक लोखंडी कपाट आणि टेबलामागे थोरली एवढीच कंपनी राहिली.

थोरली म्हणजे मालकांची मोठी सून. तिचा नवरा आठ वर्षांपूर्वी आजारानं गेला आणि कंपनीतला त्याचा तिसरा हिस्सा तिच्याकडे आला. बाकीचे दोन हिस्से मालकांचे आणि धाकट्याचे. हिशेबाचं शिक्षण तिनं लग्नाआधीच पुरं केलं होतं, म्हणून हिशेबही तिच्याकडेच आला. घर एकच होतं. खाली मालक आणि थोरली, वर धाकटा, त्याची बायको आणि त्यांच्या दोन मुली. स्वयंपाकघर मात्र एकच. दोघी जावा बारा वर्षं त्या एका ओट्यावर वावरल्या, आणि बघणाऱ्यांना त्या सख्ख्या बहिणी वाटायच्या.

भागीदारीचा करार मालकांनी फार पूर्वी करून ठेवला होता. कोणी बाहेर पडला तर ज्या वर्षी पडेल त्या वर्षी कंपनीला जेवढा नफा झाला असेल, तेवढी रक्कम त्याला द्यायची. "सोपं ठेवलंय," ते म्हणायचे, "म्हणजे पुढे भांडण नको."

एका वर्षी बुटांची एक मोठी कंपनी खार मागत आली. लहान मुलांच्या बुटांवर पाच वर्षं ती वापरायची परवानगी हवी, त्याचे पन्नास लाख आगाऊ, शिवाय विकलेल्या प्रत्येक जोडामागे थोडेथोडे. इतके पैसे खारीनं एकदम कधी पाहिले नव्हते. थोरलीनं करारात एक अट घालून घेतली. दर दोन महिन्यांनी आपलं माणूस त्यांच्या कारखान्यात जाऊन माल तपासेल, आणि आपण नापास केलेला जोड बाजारात जाणार नाही. अट ऐकून मालकांना इतका आनंद झाला की पहिल्या तपासणीला ते स्वतः तिच्याबरोबर गेले. बूट मधोमध वाकवून तळ कुठे चिरतो ते कसं बघायचं, ओल्या पांढऱ्या फडक्यानं आतून घासून रंग निघतो का ते कसं बघायचं, हे त्यांनी तिला दाखवलं. दुसऱ्या खेपेला ती एकटी गेली आणि तिनं अख्खा एक ढीग नापास केला. तिथल्या मॅनेजरचं तोंड कडू झालं, पण माल परत गेला.

वर्ष संपायच्या सुमाराला धाकटा तिच्या खोलीत आला. येताना स्वतः दोन कप चहा घेऊन आला होता, तेव्हाच तिला वाटलं की काहीतरी मागायचंय.

"वहिनी, यंदा नफा साठाच्या घरात जाईल ना?"

"वीस," थोरली म्हणाली.

"वीस कसे? बूटवाल्यांचेच पन्नास आलेत. बँकेत आहेत, मी बघितलेत."

"आलेत, पण ते अजून आपण कमावलेले नाहीत. पाच वर्षांचे आहेत. यंदाचे त्यातले दहा, आणि बाकी सगळ्यांचे मिळून दहा. खालच्या गोदामवाल्यानं पाच वर्षांचं भाडं एकदम आणून दिलं, म्हणून पाच वर्षं आजच संपतात का भाऊजी?"

"गोदामाचं वेगळं. छप्पर गळलं तर आपल्याला बघावं लागतं."

"मग खारीचं नाही बघावं लागत? दर दोन महिन्यांनी मी तिथे काय चहा प्यायला जाते?"

धाकटा हसला. मग हसू आवरून त्यानं सांगितलं की तो बाहेर पडतोय. त्याचा मेव्हणा दुसऱ्या शहरात फर्निचरचं दुकान काढत होता, त्यात निम्मी भागीदारी देत होता. "आयुष्यभर बाबांच्या खारीच्या शेपटाला धरून नाही राहायचं मला. इथे मी कारखाना बुडवणारा. तिथे मला कोणी ओळखत नाही."

हे त्यानं इतकं साधेपणानं सांगितलं की तिला गलबलून आलं. ती म्हणाली, "जा. चांगलंच आहे."

"वीस लाखांत काय होणार तिथे? साठ मिळाले तर माझी बाजू उभी राहते."

"भाऊजी, साठ दाखवायचे म्हणजे पुढच्या चार वर्षांचं आजच खाऊन टाकायचं. मी दुसरं काही लिहून देते. पुढची चार वर्षं ते दहा-दहा लाख जसे कमावले जातील तसा त्यातला तिसरा हिस्सा तुम्हाला पाठवेन. कागद करू."

"म्हणजे मी दरवर्षी तुमच्या दारात हात पसरून उभं राहायचं?" त्यानं कप खाली ठेवला. "आणि एक सांगा. आज मी वीस घेऊन गेलो, तर ते उरलेले चाळीस कोणाचे? बाबांचे आणि तुमचे. आणि बाबा किती वर्षं?"

थोरलीचे कान तापले. त्याच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. ती बरोबर होती आणि बरोबर असण्यात तिचाच फायदा होता. हा फायदा तिनं मागितला नव्हता, पण तो होता, आणि आता धाकट्यानं तो टेबलावर काढून ठेवला होता.

दोन दिवसांनी ऑडिटर घरी आले. बैठकीच्या खोलीत मालक, धाकटा आणि थोरली बसले. धाकट्याची बायको, धाकटी, दाराशी उभी राहिली. ऑडिटर या घरचे जुने होते आणि सगळ्यांशी गोड होते. त्यांनी करार वाचला आणि म्हणाले, "वहिनींचं बरोबर आहे. नाव विकलेलं नाही, वापरायला दिलंय. पाच वर्षं ते चांगलं ठेवायची जबाबदारी आपली. तेव्हा उत्पन्नही पाच वर्षांत वाटून दाखवायचं."

"आणि जबाबदारी आपली नसली तर?" धाकट्यानं विचारलं.

ऑडिटरांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे?"

"ही तपासणीची अट. ती काढून टाकली, आपण आता काहीच बघणार नाही असं त्यांना लिहून दिलं, तर? मग आपलं काम संपलं ना? मग पैसे आजचेच."

"तसं असेल तर… वाद घालायला जागा आहे."

"जागा नाही," थोरली म्हणाली. "नाव म्हणजे काही एकदा शिवून दिलेला बूट नाही. आपण तपासायचं सोडलं तरी खार आपलीच राहते. लोक शिव्या आपल्यालाच देणार. नियमही तेच सांगतो आणि तुम्हाला तो माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

ऑडिटरांनी मालकांकडे पाहिलं. खोलीत सगळ्यांनीच मालकांकडे पाहिलं, कारण तिघांपैकी दोघांचं मत झालं की निर्णय होणार होता.

मालकांनी गुडघे चोळले. मग म्हणाले, "मी याच्या हातात कारखाना दिला तो बुडायला लागलेलाच दिला. मला ठाऊक होतं. याला नव्हतं." धाकट्यानं मान वर केली. बापाच्या तोंडून हे शब्द त्यानं पहिल्यांदाच ऐकले होते. "आता जातोय तर रिकाम्या हातानं कसा पाठवू?"

"रिकाम्या नाही मामंजी, वीस लाख," थोरली म्हणाली. "आणि पुढचे मी देतेच म्हणतेय. पण तपासणी सोडायची? तुम्ही? रंग निघतो का बघायला तुम्ही माझ्याबरोबर आला होतात."

"मोठी कंपनी आहे ती. त्यांना काय स्वतःची अब्रू नाही?" आणि मग, तिच्याकडे न बघता, "सूनबाई, तुझं बरोबर असेलही. पण तुझ्या त्या बरोबरमध्ये तुझंही भलं आहे, ते मला दिसतं ना."

थोरली उठून आत गेली. दाराशी धाकटी होती. तिनं वाट द्यायला अंग बाजूला घेतलं, एवढंच. त्या घरात कोणी कोणासाठी असं अंग चोरून उभं राहायची ही पहिलीच वेळ.

बूटवाल्या कंपनीनं अट काढायला एका दिवसात होकार दिला. पत्रावर मालकांची आणि धाकट्याची सही झाली. थोरलीनं सही केली नाही आणि त्या वर्षीचा ताळेबंदही केला नाही. तो ऑडिटरांनी आपल्या कार्यालयातून करून आणला. नफा साठ लाख. धाकट्याला द्यायला बँकेतले पन्नास काढले, आणि वरचे दहा कारखान्यातली वरची खोली तारण ठेवून कर्जानं उभे केले.

जायच्या दिवशी थोरली मुलींसाठी डबा भरून वर गेली. धाकटी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. तिनं डबा घेतला आणि बाजूला ठेवला.

"ताई, एक बोलू? तुमच्या पोटी मूल नाही. आम्हाला दोन मुली आहेत. तुम्हाला पैसे अडवून काय करायचे होते?"

"मी पैसे अडवत नव्हते गं. मी खार…"

"खार, खार!" धाकटी म्हणाली. "माणसांपेक्षा तुम्हाला त्या खारीचं पडलेलं. आमच्या पोटावर पाय देत होता तुम्ही, आणि तोंडात काय, तर नियम!"

टेम्पो गेल्यावर वरच्या मजल्यावर डबा तसाच खिडकीत राहिलेला होता. थोरलीनं तो उघडला नाही. धुऊनही टाकला नाही बरेच दिवस.

पुढचं वर्ष कोरडं गेलं. बूटवाल्यांचे पैसे तर आधीच दाखवून, वाटून झाले होते. दप्तरांचे आणि छत्र्यांचे येत होते, त्यातून कर्जाचा हप्ता जायचा आणि घर कसंबसं चालायचं. जोडामागचे पैसे मात्र भराभर वाढायला लागले. कंपनीनं किंमत उतरवली होती आणि बूट धडाक्यानं खपत होते. मालक खूश होते. "बघ," ते म्हणायचे, "तू उगाच घाबरत होतीस."

मग एका दुपारी एक बाई जिना चढून आली. खोक्यावरचा पत्ता शोधत आली होती. बरोबर पाच-सहा वर्षांची मुलगी, पायात कापडी सपाता. बाईनं पिशवीतून बूट काढून टेबलावर ठेवले.

"माझ्या आईनं मला हेच घेतले होते लहानपणी, म्हणून मी हिला घेतले," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळेच ऐकवत नव्हतं. "दाखव गं पाय."

मुलीनं सपाता काढल्या. टाचांची आणि बोटांवरची कातडी सोलवटली होती, आणि जिथे सोलवटली नव्हती तिथे काळपट डाग होते. थोरलीनं फडकं ओलं केलं, बुटात घातलं आणि घासलं. फडकं काळं झालं. मग तिनं बूट वाकवला. तळ आडवा चिरला.

"हे आम्ही केलेले नाहीत," तिच्या तोंडून निघून गेलं.

"खार तुमची नाही?"

तिनं बाईला बुटांचे पैसे दिले, औषधाचे दिले, आणि दुसऱ्या दिवशी बूटवाल्यांच्या कारखान्यात गेली. या वेळी तिला आत सोडलं नाही. मॅनेजर बाहेरच्या खोलीत येऊन भेटला, पाणी मागवलं, आणि ते पत्र तिच्यापुढे ठेवलं. "तपासायचं नाही असं तुमच्याच लोकांनी लिहून दिलंय. तक्रार असेल तर गिऱ्हाइकानं आमच्या नंबरवर फोन करावा. तीन वर्षं अजून बाकी आहेत, वहिनी. दमानं घ्या."

घरी येऊन तिनं तो चिरलेला जोड मालकांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, टाके मोजल्यासारखं बोट फिरवलं, आत हात घातला आणि बाहेर काढून बोटांकडे बघत राहिले.

"हे तू कसं होऊ दिलंस?"

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "मी?"

"हिशेब तुझ्याकडे होता. तू शिकलेली. मी म्हातारा, मुलाच्या मायेत वाहून गेलो. तुला दिसत होतं, तर तू अडवायचं होतंस."

"मी अडवलं नाही मामंजी? याच खोलीत?"

"मग नीट अडवायचं होतंस," मालक म्हणाले.

थोरली रडली नाही. आपल्याला रडू येत नाही याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. त्या आठवड्यात आणखी तीन आया जिना चढून आल्या. मग तिनं ठरवलं. वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची: खार छाप बूट आता आम्ही बनवत नाही, तपासतही नाही, त्यांचा रंग मुलांच्या पायांना लागतो आहे, घेऊ नका. कंपनीच्या नावानं द्यायची तर मालकांची सही लागली असती. ती त्यांच्याकडे मजकूर घेऊन गेली.

त्यांनी वाचला. "खार मरेल," ते म्हणाले.

"मुलांचे पाय सोलवटताहेत."

"खार मरेल गं," ते पुन्हा म्हणाले आणि कागद परत दिला.

मग तिनं ती स्वतःच्या नावानं दिली, भागीदार म्हणून. पैसे भरायला हातातलं सोनं मोडलं. जाहिरात आली, तिची बातमी झाली, आणि दुकानदारांनी आठवडाभरात खोकी परत पाठवली. बूटवाल्यांनी वकिलाची नोटीस धाडली आणि जोडामागचे पैसे अडवून धरले. दप्तरवाले आणि छत्रीवाले भले लोक होते, पण तेही म्हणाले, आता या चित्राला बघून गिऱ्हाईक मागे सरतं, आम्ही दुसरं काही छापतो. हप्ते थकले आणि बँकेनं कारखान्यातली वरची खोली घेतली.

बातमी धाकट्यापर्यंत पोचली. फोन धाकटीचा आला. ती एवढंच म्हणाली, "आम्हाला दिलं ते तुम्हाला सोसवलं नाही ना ताई? शेवटी सासऱ्यांचं नाव मातीत घातलंत." थोरलीनं ऐकून घेतलं आणि मुली कशा आहेत ते विचारलं. तिकडून फोन बंद झाला होता.

त्यांचं दुकान छान चाललं होतं. वर्षअखेरीला धाकट्यानं बापासाठी एक आरामखुर्ची पाठवली, जाड गादीची, पाय ठेवायला पाट असलेली. मालकांनी ती ओसरीत मांडून घेतली. येणाऱ्या-जाणाऱ्याला बसून दाखवायचे.

थोरली आता घरीच लोकांचे हिशेब लिहायची, एका औषधांच्या दुकानाचे, एका शिकवणीवर्गाचे. मालकांचं खाणंपिणं, गोळ्या, आंघोळीचं पाणी, सगळं तिच्याकडेच. दुसरं होतं कोण? ती त्यात कधी चुकली नाही आणि ते तिला कधी वाईट बोलले नाहीत. तिच्याशी फारसे बोलायचेच नाहीत.

एकदा त्यांचा जुना ओळखीचा एक कातडीचा व्यापारी भेटायला आला. ती आत आकडे मांडत होती आणि ओसरीतलं बोलणं ऐकू येत होतं.

"खुर्ची झकास आहे," व्यापारी म्हणाला.

"धाकट्यानं पाठवली. लांब आहे, पण बापाला विसरला नाही."

"आणि खारीचं ऐकलं ते खरं का?"

मालकांनी उसासा टाकला. "थोरलीनं बुडवली. जाहिरात दिली पेपरात, स्वतःच्या नावानं. चाळीस वर्षांचं नाव चार ओळींत घालवलं. आता काय बोलणार? घरातलंच माणूस."

थोरलीनं बेरीज पुरी केली. मग उठून चहा टाकला, दोन कप भरले आणि ओसरीत नेले. व्यापाऱ्यानं तिला बघून नजर चटकन खाली वळवली आणि उगाच खुर्चीच्या हातावर बोट फिरवायला लागला. मालक रस्त्याकडे बघत होते.

"साखर किती घेता?" तिनं व्यापाऱ्याला विचारलं.